दिवे लागतात, पण गाडी हिसके देऊन थांबते: लहान रिमोट कारमधील विजेचा दोष कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या, २७ मेगाहर्ट्झच्या रिमोट कारमध्ये नवे सेल घातले आहेत. स्विच चालू केल्यावर पुढचे दिवे लागतात आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना वळते. परंतु पुढे जाण्याचे बटण दाबले की दिवे मंद होतात, गाडी दोन-तीन हिसके देते आणि थांबते. मागे मात्र ती कधी कधी बऱ्यापैकी जाते. सर्किट बोर्ड जळाला आहे असे समजून नवा आणावा का, असे विचारले आहे.

इतक्यात आणू नये. प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे मंद होणारे दिवे. बटण दाबताच दिवे मंद होतात, याचा अर्थ रिमोटची आज्ञा गाडीपर्यंत पोहोचली, रिसीव्हरने (गाडीतील संदेश घेणाऱ्या भागाने) ती ओळखली आणि कोठेतरी भरपूर वीज वाहू लागली. म्हणजेच रिमोट, अँटेना आणि रिसीव्हरची चिप यांच्यावरचा संशय इथेच बराचसा दूर होतो. आता ती वीज मोटरमधून वाहते आहे की बोर्डच्या आतल्या आत, आणि सेलपासून तिथपर्यंत पोहोचताना तिचा दाब (व्होल्टेज) कोठे खर्ची पडतो, एवढेच शोधायचे उरते.

पहिल्या शंकेचा निकाल एका सोप्या चाचणीने लागतो. मोटरच्या दोन तारांपैकी एक तार मोटरच्या टोकावरून सोल्डर वितळवून सोडवावी, ती कशालाही टेकणार नाही अशी बाजूला ठेवावी आणि पुढे जाण्याचे बटण पुन्हा दाबावे. मोटर सुटलेली असतानाही दिवे मंद होत असतील, तर वीज बोर्डवरच्या ट्रान्झिस्टरमधून, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या भागांमधून, सरळ वाहते आहे आणि दोष बोर्डचाच आहे. दिवे लखलखीत राहिले, तर बोर्ड बहुतेक निर्दोष आहे आणि तपास मोटर, सेल आणि त्यांच्यामधल्या वाटेकडे वळवावा. माझ्या अनुभवात अशा लक्षणांच्या बहुतेक गाड्या दुसऱ्या प्रकारात मोडतात, म्हणून आधी त्याचाच विचार करतो.

दिवा लागतो म्हणजे वीज ठीक आहे, हा समज नेमका इथे फसवतो. दिव्याला म्हणजे एलईडीला साधारण १० मिलिअँपिअर पुरतात, तर लहान गाडीची मोटर भाराखाली सहज एक ते दीड अँपिअर ओढते. समजा, गंजलेली स्प्रिंग, झिजलेला स्विच आणि सैल सांधा यांचा मिळून एक ओहम रोध (विजेला होणारा अडथळा) वाटेत आहे. दिव्याच्या विजेने त्या रोधावर फक्त ०.०१ व्होल्ट खर्ची पडतो आणि दिव्याच्या प्रकाशात काहीही फरक दिसत नाही. दीड अँपिअर वाहू लागले की त्याच जागी दीड व्होल्ट नाहीसा होतो. मोटर सुरू होण्याचा क्षण तर याहून कठीण असतो, कारण फिरती मोटर स्वतः जो उलटा दाब निर्माण करते तो थांबलेल्या मोटरमध्ये नसतो आणि वीज केवळ तिच्या तारेच्या वेटोळ्यांच्या रोधाने अडते. हा रोध बऱ्याचदा एक-दोन ओहमच असतो. त्या क्षणी बोर्डवरचा दाब इतका कोसळतो की रिसीव्हरची चिप बंद पडते. चिप बंद पडताच मोटरची वीज तुटते, ती तुटताच दाब सावरतो, चिप पुन्हा जागी होते आणि दाबून ठेवलेल्या बटणाची आज्ञा पुन्हा घेते. गाडीचे हिसके म्हणजे हेच चक्र होय. स्टिअरिंगची मोटर किंवा कॉइल फार कमी वीज ओढते, म्हणून स्टिअरिंग व्यवस्थित चालते.

यावरून तपासाचा एकच नियम निघतो: दाब मोजायचा तो भार चालू असताना. बटण न दाबता सेलवर ६ व्होल्ट दिसले, बोर्डवर ६ व्होल्ट दिसले आणि म्हणून सगळे ठीक आहे असा निष्कर्ष काढला, तर त्या मोजमापाचा काहीही उपयोग नाही. वीजच वाहत नसेल तर गंजलेल्या सांध्यावरही दाब पूर्ण दिसतो, कारण मल्टिमीटर (दाब, वीज आणि रोध मोजणारे उपकरण) स्वतः जवळजवळ काहीच वीज घेत नाही.

मोटरची सोडवलेली तार पुन्हा जोडावी, गाडीचे वरचे कवच काढलेलेच ठेवावे, मागची चाके जमिनीपासून उचललेली राहतील अशी गाडी ठोकळ्यावर ठेवावी आणि मल्टिमीटर डीसी २० व्होल्टच्या टप्प्यावर लावावा. चाके अधांतरी असताना मोटर फारशी वीज ओढत नाही, म्हणून एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने टायरवर कापडाची घडी हलकेच टेकवून मोटरला थोडा भार द्यावा. चाक पूर्ण थांबवू नये आणि एका वेळी दोन-तीन सेकंदांहून अधिक भार देऊ नये, नाहीतर तपासाच्या नादात चांगला ट्रान्झिस्टर जळायचा. अशा भाराखाली प्रथम चारही सेलच्या मिळून दोन टोकांवर, अगदी सेलच्या धातूलाच टोके टेकवून, दाब मोजावा. मग तोच दाब बोर्डवर, जिथे लाल आणि काळी तार येते तिथे मोजावा. सेलवर ५.४ आणि बोर्डवर ३.८ व्होल्ट आले, तर मधल्या वाटेत १.६ व्होल्ट गळत आहेत. सेलवरच ३.८ आले, तर वाट निर्दोष असून बहुधा सेल कमजोर आहेत.

गळती नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी मल्टिमीटरची दोन टोके संशयित भागाच्या दोन बाजूंना लावावीत: स्विचच्या दोन पायांवर, स्प्रिंगवर आणि तिला लागलेल्या तारेच्या उघड्या टोकावर, किंवा सेल आणि पत्र्याच्या पट्टीवर. भाराखाली या प्रत्येक जागी जवळजवळ शून्य दिसायला हवे. एखाद्या सांध्यावर ०.२ व्होल्ट किंवा अधिक दिसले, तर तो सांधा दुरुस्त करायचाच. ही पद्धत मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीच्या, म्हणजे वाट अखंड असल्याचे सांगणाऱ्या, शिटीपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. शिटी वाजण्यासाठी काही ओहम ते काही डझन ओहमपर्यंतचा रोध चालतो आणि आपल्याला तर एका ओहमचा चोर पकडायचा असतो. मल्टिमीटर अँपिअरच्या टप्प्यावर असताना त्याची टोके चुकूनही सेलच्या दोन टोकांना लावू नयेत. तो शॉर्ट सर्किट होतो आणि निदान मल्टिमीटरचा फ्यूज तरी जातो.

सेलविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. ‘नवे सेल’ एवढे वर्णन पुरेसे नाही. घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला चालणारे साधे झिंक-कार्बन सेल कोरे असले, तरी त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो आणि एक अँपिअर मागितला की त्यांचा दाब बसतो. थोडी विश्रांती मिळाली की ते पुन्हा सावरतात, आणि गाडी मागे ‘कधी कधी’ का जाते याचे एक कारण हेही असू शकते. अशा गाडीला अल्कलाइन किंवा रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घालावेत. रिचार्जेबल सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेले पाहून अनेकजण ते टाळतात, कारण चार सेलचे ६ ऐवजी ४.८ व्होल्टच होतात. पण भाराखाली हे ४.८ व्होल्ट जवळपास तसेच टिकतात, तर स्वस्त सेलचे ६ व्होल्ट त्याच्याही खाली घसरतात. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. चारांतला एक रिकामा झाला की उरलेले तीन त्याच्यामधून वीज ढकलतच राहतात, त्याचा दाब उलटा होतो आणि तो गळू लागतो.

सेलच्या कप्प्यात टॉर्चचा उजेड टाकून नीट पाहावे. अल्कलाइन सेल गळला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि स्प्रिंगवर पांढरा किंवा हिरवट निळा थर जमतो. तो त्वचेला व डोळ्यांना बाधक असल्याने हातमोजे घालून काम करावे. कापसाच्या बोळ्याला थोडे व्हिनेगर लावून थर विरघळवावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. स्प्रिंगवरचा चकचकीत मुलामा निघून खालचे तांबूस पोलाद दिसत असेल, तर ती कितीही घासली तरी दोष पुन्हा उद्भवतो. ती बदलणेच बरे. मात्र बहुतेक जण स्प्रिंगचा समोरचा भाग साफ करून थांबतात, तर खरा दोष तिच्या मागे, तार जिथे सोल्डर केलेली असते तिथे लपलेला असतो. तेथील तार हलकेच ओढून पाहावी. गळती प्लास्टिकच्या आवरणाखालून तारेत शिरली असेल, तर आतले तांबे काळे पडते आणि त्याच्यावर सोल्डर धरतच नाही. अशा वेळी चकाकणारे तांबे दिसेपर्यंत तार मागे कापत जावे, आणि तोवर तार आखूड झाली तर सरळ नवी टाकावी.

सरकणाऱ्या स्विचच्या आतल्या पट्ट्याही काळ्या पडतात. पंधरा-वीस वेळा जोरात पुढेमागे केल्यावर गाडी थोडा वेळ सुधारली, तर स्विचच दोषी आहे असे समजावे. कॉन्टॅक्ट क्लीनरने तो बऱ्याचदा पुन्हा कामाचा होतो. बोर्डवरचे सांधे भिंगाखाली तपासावेत. तारेच्या किंवा आयसीच्या पायाभोवती सोल्डरमध्ये बारीक वर्तुळाकार भेग दिसली, तर थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे द्रव्य) लावून तो सांधा पुन्हा वितळवावा. गाडी उंचावरून पडल्यानंतर दोष सुरू झाला असेल, तर ही भेग सर्वांत आधी शोधावी.

वाट आणि सेल दोन्ही ठीक असूनही दाब बसत असेल, तर मोटर गरजेपेक्षा जास्त वीज ओढते आहे. याचे कारण पुष्कळदा विजेचे नसतेच. मागच्या आसावर गुंडाळलेले केस आणि गालिच्याचे धागे चाकाच्या आत घट्ट बसतात, बाहेरून दिसत नाहीत आणि मोटर अर्धी जाम होते. चाके काढून आस मोकळा करावा, मग मोटर गिअरपासून वेगळी करून तिचा दांडा बोटांनी फिरवावा. तीन ध्रुवांच्या लहान मोटरमध्ये तो समान अंतरावर हलकेच अडखळतो, ते चुंबकांमुळे असते आणि योग्यच आहे. खरखर लागत असेल किंवा दांडा एकाच जागी घट्ट बसत असेल, तर मोटर संपत आली आहे.

मोटरची एक तार पुन्हा सोडवावी, मल्टिमीटर २०० ओहमच्या टप्प्यावर ठेवून मोटरच्या दोन टोकांवर लावावा आणि दांडा अगदी सावकाश फिरवावा. प्रथम मल्टिमीटरच्या तारा एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध पाहून ठेवावा व तो वजा करावा. आकडा सतत हलेल, पण एक-दोन ते काही ओहमच्या आसपास राहील. एका ठरावीक जागी तो एकदम तुटला, तर कॉम्युटेटरचा (दांड्यावरच्या, वेटोळ्यांना वीज देणाऱ्या तुकड्यांच्या कड्याचा) एक भाग किंवा त्याला लागलेली वेटोळ्याची तार गेली आहे. अशी मोटर कधी सुरू होते, कधी होत नाही, आणि बोटाने चाक ढकलले की धावू लागते. हाच प्रकार झिजलेल्या ब्रशमुळेही, म्हणजे कॉम्युटेटरला टेकून वीज देणाऱ्या पट्टीमुळेही, होतो. ब्रश एका बाजूला कलून झिजला असेल, तर मोटर एका दिशेने बरी आणि दुसऱ्या दिशेने कमजोर चालू शकते. या आकाराच्या मोटरचे ब्रश बदलण्याच्या खटपटीत पडू नये, त्याच मापाची आणि त्याच व्होल्टची मोटर बसवावी.

मोटर बदलताना जुन्या मोटरच्या टोकांवरचे, १०४ हा आकडा छापलेले छोटे कॅपॅसिटर टाकून देऊ नयेत. ते ०.१ मायक्रोफॅरडचे असतात आणि ब्रशच्या ठिणग्यांमुळे उठणारा रेडिओचा गोंगाट दाबतात. त्यांच्याशिवाय गाडी टेबलावर उत्तम चालते, पण थोडी दूर जाताच बिथरते, आणि मग दोष रिमोटमध्ये शोधला जातो. स्टिअरिंग दूरवरूनही व्यवस्थित वळते, पण मोटर फिरू लागताच आज्ञा सुटतात, अशी तक्रार असेल तर आधी हे कॅपॅसिटर पाहावेत.

आता राहिलेली शक्यता घेऊ: मोटरची तार सोडवलेली असतानाही पुढचे बटण दाबल्यावर दिवे मंद होतात. मोटर दोन्ही दिशांना फिरवण्यासाठी बोर्डवर चार ट्रान्झिस्टरचा पूल असतो, त्याला एच-ब्रिज म्हणतात. पुढे जाताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन चालू होतात, मागे जाताना उरलेले दोन. मागे जाताना कामाला येणाऱ्या दोघांपैकी एक आतून शॉर्ट झाला असेल, तर मागे जाण्यात काहीच अडचण येत नाही, कारण तिथे तो चालू असणेच अपेक्षित असते. पुढचे बटण दाबल्यावर मात्र त्याच बाजूचा दुसरा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि वीज मोटरला वळसा घालून दोघांमधून थेट वाहते. म्हणजे गाडी जी दिशा पकडत नाही, त्या दिशेच्या जोडीतला ट्रान्झिस्टर दोषी असेलच असे नाही. सेल काढून, मल्टिमीटरच्या डायोडच्या टप्प्यावर चौघांचेही कलेक्टर-एमिटर (ज्यांच्यामधून मुख्य वीज वाहते ते दोन पाय) मोजावेत. एखाद्यावर दोन्ही दिशांनी जवळजवळ शून्य येत असेल, तर तोच सापडला. बोर्डवर बसलेल्या भागांचे आकडे शेजारच्या भागांमुळे फसवे येतात, म्हणून संशयित भाग काढून वेगळा मोजल्याशिवाय निकाल देऊ नये. लहान गाड्यांत बरेचदा एस८०५० आणि एस८५५० ही जोडी असते. त्याच क्रमांकाचा ट्रान्झिस्टर घ्यावा आणि पायांचा क्रम पडताळावा. त्याला जाळणारे कारण, म्हणजे जाम आस किंवा शॉर्ट झालेली मोटर, आधी दूर करावे, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

मोटर जोडलेली असताना तिच्या टोकांवरचा दाब मोजला, तर तो बोर्डवरच्या दाबापेक्षा अर्धा ते एक व्होल्ट कमी दिसणे साहजिक आहे, कारण वाटेतले दोन ट्रान्झिस्टर थोडा दाब स्वतः खातात. योग्य आकडा किती, याचा तक्ता शोधत बसण्याची गरज नाही. मागे जातानाचा आकडा हाच पुढच्या दिशेचा मापदंड आहे. दोन्ही जवळपास सारखे असायला हवेत.

या प्रश्नातील गाडीला लागू नसले, तरी पुष्कळांना भेटणारे एक लक्षण म्हणजे बटण दाबल्यावर दिवे अजिबात मंद होत नाहीत आणि गाडी हलतही नाही. तिथे बहुधा आज्ञाच पोहोचत नाही. २७ आणि ४९ मेगाहर्ट्झच्या अनेक गाड्यांत टीएक्स-२ व आरएक्स-२ या चिपची जोडी असते. तीत पुढे जाण्याची आज्ञा १० स्पंदांची आणि मागे जाण्याची ४० स्पंदांची असते, रेडिओ लहरीची फ्रिक्वेन्सी मात्र तीच. त्यामुळे एकच दिशा चालत असेल, तर फ्रिक्वेन्सी, ती ठरवणारा क्रिस्टल किंवा अँटेना यांना दोष देता येत नाही. रिमोट उघडून पुढच्या बटणाखालचे दोन संपर्कबिंदू चिमट्याने जोडावेत. गाडी धावली, तर बटणाचे काळे रबर किंवा पत्र्याची पट्टी मळली आहे, ती अल्कोहोलने पुसावी. गाडी हलली नाही, तर गाडीतील आरएक्स-२ च्या ११ क्रमांकाच्या पायावर आणि २ क्रमांकाच्या म्हणजे ग्राउंडच्या पायावर दाब मोजावा. पुढचे बटण दाबल्यावर ११ वर दाब चढत असेल, तर चिपने आज्ञा ओळखली आहे आणि दोष तिच्या पुढे, पुलात आहे. मागच्या दिशेसाठी १० क्रमांकाचा पाय पाहावा. याउलट, रिमोट बंद असतानाही गाडी स्विच लावताच धावत सुटत असेल, तर पुलाची एक जोडी चालू करणारा लहान ट्रान्झिस्टर किंवा मोटर ड्रायव्हरचा आयसी शॉर्ट झालेला असण्याचा संभव मोठा असतो.

या रिसीव्हरमध्ये मध्यभागी खाच असलेली एक छोटी कॉइल असते. ती ट्यूनिंगची असून कारखान्यात जुळवलेली असते. पल्ला कमी झाला म्हणून तिला पेचकस लावण्याचा मोह होतो, पण लोखंडी पेचकस जवळ नेला तरी तिचे गुण बदलतात, त्यामुळे बसलेला सूर हमखास बिघडतो. आधी अँटेनाच्या तारेचा बोर्डवरचा सांधा, रिमोटचे सेल आणि मोटरचे कॅपॅसिटर तपासावेत. तिघांपैकी एक जवळजवळ नेहमीच सापडतो. अँटेनाची तार लांब वाटते म्हणून कापू नये. २.४ गिगाहर्ट्झच्या गाडीत ट्यूनिंगचा प्रश्न नसतो. तिथे दिवा लुकलुकत राहिला, तर आधी रिमोट आणि गाडी यांची जोडणी पुन्हा करून पाहावी.

लिथियम सेलच्या गाडीत लक्षणे वेगळी दिसतात. एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि तो ३ च्या खाली नेऊ नये. त्याच्यासोबत संरक्षक सर्किट असेल, तर जास्त वीज ओढताच ते पुरवठा पूर्ण तोडते. दिवे मंद न होता एकदम विझतात, आणि बहुधा भार सोडल्यावर किंवा चार्जर लावल्यावरच परत येतात. फुगलेला सेल चार्ज करू नये आणि लिथियम सेलच्या अंगावर थेट सोल्डर करू नये. स्टिअरिंग आपोआप थरथरत असेल आणि त्याच्या मोटरकडे पाच तारा जात असतील, तर त्यांतल्या तीन स्थिती सांगणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या असतात आणि बहुधा त्याचाच मळ साफ करावा लागतो.

इतके पाहूनही बोर्डच दोषी ठरला आणि ट्रान्झिस्टर बदलण्याची तयारी नसेल, तर नवा बोर्ड रिमोटसकट जोडीनेच घ्यावा, कारण जुन्या रिमोटची सांकेतिक भाषा नव्या रिसीव्हरला कळेलच असे नाही. घेताना तीन गोष्टी जुळवाव्यात: सेलचा एकूण दाब, मोटर भाराखाली ओढते तेवढी वीज पेलण्याची क्षमता आणि स्टिअरिंगच्या तारांची संख्या. दोन तारांच्या स्टिअरिंगला पाच तारांचा बोर्ड चालत नाही. जुन्या बोर्डच्या तारा सोडवण्याआधी, कोणत्या रंगाची तार कोठे होती याचा स्पष्ट फोटो काढून ठेवावा.